टेबल उंच की आपण बुटके? संगणकाची बैठक, पाठ आणि मान

पानमांडणी

गेली १९ वर्षे मी घरून पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानमांडणी करते. दिवसाचे आठ तास संगणकासमोर जातात आणि एखाद्या प्रकाशकाला पुस्तक प्रदर्शनाच्या आधी हवे असले, की ते दहा-अकरा होतात. दोन वर्षांपूर्वी उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका बिंदूत दुखू लागले. दुपारी चारनंतर मान डावीकडे सहज वळेनाशी झाली आणि रात्री कूस बदलताना जाग येऊ लागली. घरातल्या सर्वांचे एकमत होते की दोष खुर्चीचा आहे. म्हणून माझ्यासारख्या सुट्या कामांवर जगणाऱ्या बाईने विचार करावा एवढ्या किमतीची, जाळीच्या पाठीची आणि कमरेला उठाव असलेली खुर्ची आणली. चार महिने तिच्यावर बसले. दुखणे होते तिथेच राहिले. फक्त आता ते महागड्या खुर्चीत बसून सोसायचे होते.

शेवटी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले, त्यांनी आधी एकच गोष्ट मागितली. कामाच्या ऐन भरात, मला न सांगता, कोणीतरी बाजूने काढलेला माझा फोटो त्यांना हवा होता. मुलाने तो काढला. त्यात माझे दोन्ही खांदे कानांकडे चढलेले होते, थंडीत शाल ओढून बसलेल्या माणसासारखे. मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या म्हणाल्या, "खुर्ची सोडा, घरी जाऊन आधी टेबल मोजा." या धाग्याचा विषय तोच आहे.

मोजायची पद्धत अशी. घरातल्या साध्या, टणक स्टुलावर अनवाणी बसावे. स्टूल इतक्याच उंचीचे हवे, की तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील आणि मांड्या साधारण आडव्या राहतील. दंड अंगालगत सैल सोडावेत, कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे. माझी उंची १५५ सें.मी. आहे आणि हे माप ६१ सें.मी. भरले. ज्या जेवणाच्या टेबलावर मी इतकी वर्षे काम करते, ते ७६ सें.मी. उंच आहे. त्यावर कीबोर्डची जाडी आहेच. म्हणजे माझी बोटे जिथे असायला हवीत, त्याच्या सोळा-सतरा सेंटिमीटर वर मी ती रोज आठ तास धरून ठेवत होते. हे अंतर भरून काढायला शरीराकडे दोनच मार्ग असतात: खांदे उचलायचे किंवा कोपरे पंखांसारखी बाहेर फाकवायची. दोन्हींत मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू दिवसभर हातांचे वजन पेलत राहतो, आणि माझा तो बिंदू नेमका त्याच पट्ट्यात होता.

बाजारात मिळणारी लिहिण्याची आणि जेवणाची बहुतेक टेबले ७४ ते ७६ सें.मी. उंचीची असतात. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची दीड मीटरच्या थोडीच वर आहे. तेव्हा हे माझ्या एकटीचे गाऱ्हाणे नसावे.

टेबल खाली येत नव्हते, म्हणून मी वर गेले. खुर्ची शेवटच्या टोकापर्यंत उचलली आणि वर सतरंजीची घट्ट घडी ठेवली, तेव्हा बैठक ५३ सें.मी.वर आली आणि कोपर जवळजवळ कीबोर्डच्या पातळीला पोचले. पण पाय लोंबकळू लागले, बैठकीची पुढची कड गुडघ्याच्या लवणीत रुतू लागली आणि अर्ध्या तासात पायांना मुंग्या आल्या. देवघरातला पाट एकटा पुरेना आणि चौरंग फार उंच होई. अखेर बांधकामावरून चार विटा मागून आणल्या, त्या आडव्या ठेवल्या आणि वर पाट ठेवला. तेरा सेंटिमीटर झाले. सध्या मी विटेवर पाय ठेवून काम करते आणि घरातले येता-जाता पुंडलिकाची चौकशी करतात.

मी वर गेल्यावर मॉनिटर खाली राहिला हे उघडच आहे. दोन जाडजूड शब्दकोश त्याच्याखाली गेले, तेव्हा त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली आली. अंतर हात लांब केल्यावर बोटे पडद्याला लागतील एवढे ठेवले आहे. पडदा खिडकीला काटकोनात फिरवल्यावर त्यातली चकाकी गेली आणि आपण पुढे वाकून, डोळे बारीक करून वाचत होतो हे तेव्हा लक्षात आले.

माझ्या धंद्यात याहून मोठी गोम दुरुस्तीच्या प्रुफाची आहे. लेखकाने लाल शाईने रंगवलेले कागद मी वर्षानुवर्षे टेबलावर डावीकडे आडवे ठेवत आले. म्हणजे दर ओळीला मान डावीकडे आणि खाली, मग पुन्हा वर आणि समोर, असे दिवसातून हजारभर हेलपाटे होत असणार. आता पोथी वाचायला असते तसे कात्रीसारखे उघडणारे लाकडी घोडे कीबोर्ड आणि मॉनिटर यांच्या मधोमध ठेवले आहे आणि प्रूफ त्यावर तिरपे असते. मान वळत नाही, फक्त नजर खाली उतरते. मला स्वतःला खुर्चीपेक्षा, विटांपेक्षाही जास्त आराम या घोड्याने दिला.

माउसचे अजून जमलेले नाही. कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांच्या कळांचा पट्टा आहे, त्यापलीकडे माउस, आणि त्यामुळे उजवा हात कायम बाहेर ताणलेला राहतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

टाकबोरू

लेख उपयुक्त आहे, पण माझ्यासारख्यांचे काय? अंधेरीत एका खोलीत आम्ही तिघे राहतो. टेबल नाही, खुर्ची प्लास्टिकची आणि तीही एकच. घरून काम असते त्या दिवशी मी दिवाणावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन बसतो. संध्याकाळी कंबर अशी धरते, की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. वय २६.

पानमांडणी

@टाकबोरू, लॅपटॉपमध्ये मुळातच एक पेच आहे. पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी योग्य उंचीवर येऊच शकत नाहीत. कळा कोपराशी आणल्या तर मान खाली जाते आणि पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात. म्हणून पहिला खर्च खुर्चीवर नको, वेगळ्या कीबोर्ड आणि माउसवर करा. साधी जोडी हजाराच्या आत मिळते. लॅपटॉप मग एखाद्या खोक्यावर चढवता येतो.

मांडी घालून बसणे वाईट नाही. जुन्या पेढीवरचे मुनीम गादीवरच बसत. पण पाठीशी लोड किंवा तक्क्या असे, समोर उतरते डेस्क असे आणि वही त्या उतारावर असे. तुमच्याकडे पाठीला टेकू नाही आणि पडदा मांडीवर आहे. दिवाण भिंतीला लावून कमरेच्या खोलगट भागात घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि मांडीवरून सहज सरकेल असे छोटे घडीचे मेज आणा. त्यावरही सलग दोन तास नको.

शेजारी कोणाकडे इस्त्रीचे उभे टेबल असेल, तर तेही उपयोगी पडते, कारण त्याची उंची कमी-जास्त करता येते. फोन आणि बैठकी मी अलीकडे स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून उरकते. ओटा उभ्याने टाइप करायला दहा-बारा सेंटिमीटर कमी पडतो, म्हणून कीबोर्डखाली पोळ्यांचा डबा उपडा ठेवते. दिसायला हास्यास्पद आहे, पण फोनवर कोणाला दिसत नाही.

स्नायुबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागाकर्तीने मोजमाप कोपरापासून सुरू केले हे मला फार आवडले, कारण बहुतेक माणसे दुकानातून, म्हणजे खुर्चीपासून सुरू करतात. काही गोष्टी मात्र सावधपणे घ्याव्यात असे सुचवतो.

पहिली गोष्ट काटकोनांची. गुडघे, कंबर आणि कोपर यांचे तीन काटकोन करून ताठ बसलेल्या माणसाचे चित्र सगळीकडे फिरते, पण ते मोजमापासाठी आहे, आठ तास तसेच बसण्यासाठी नाही. स्वीडनमध्ये नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या काळात कमरेच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला आणि आधाराशिवाय बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त असतो असे दाखवले. "बसणे सर्वांत वाईट" ही समजूत मुख्यतः तिथून आली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा सैल, मागे रेलून बसलेल्या अवस्थेत दाब उभे असतानापेक्षा कमी भरला. म्हणून मी रुग्णांना पाठ शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत मागे टेकवायला सांगतो, म्हणजे धडाचे काही वजन खुर्चीच्या पाठीकडे जाते. ताठ बसा असे आईने लहानपणी बजावलेले असते, ते मनातून काढायला फार वेळ लागतो.

दुसरी गोष्ट मानेवरच्या २७ किलोंची. मान ६० अंश खाली झुकवली की मानेवर २७ किलो भार येतो, हे चित्र प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर कधीतरी आलेले असते. तो आकडा अमेरिकेतले शल्यविशारद हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावरच्या प्रतिमानातून काढला. माणसाच्या मानेत मोजलेला नाही. डोके साधारण साडेचार-पाच किलोंचे असते आणि ते पुढे गेले की मागच्या स्नायूंना जास्त ओढावे लागते, एवढे खरेच आहे. पण त्या आकड्याच्या धास्तीने मान लाकडासारखी धरून बसणारे रुग्ण मी पाहतो आणि त्यांची मान त्या धरण्यानेच दुखते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की बैठकीची मांडणी सुधारल्याने पाठदुखी हटतेच असे ठाम सांगण्याइतका पुरावा नाही. संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. हाताला आधार आणि मनगट पिळले न जाणारा माउस यांचा मान-खांद्याला थोडा फायदा दिसतो. उभे-बसते टेबल घेतल्याने माणसे कमी वेळ बसतात, पण तेवढ्याने दुखणे जाईल असे धरून चालू नये. मांडणीने विनाकारण पडणारा ताण जातो. उरलेले काम हालचालीचे, झोपेचे आणि मनावरच्या ओझ्याचे असते. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ मध्येच लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगून ठेवली होती: सतत बसणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तिसऱ्या कारणावर कोणतेही दुकान काही विकू शकत नाही.

माउसबद्दल: आकड्यांचा पट्टा नसलेला आखूड कीबोर्ड घ्या, इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करताना त्या पट्ट्याची गरज नसते. तोवर कीबोर्ड डावीकडे सरकवून मुख्य अक्षरांचा भाग नाभीसमोर आणा. कीबोर्डच्या मागच्या बाजूचे दोन पाय उघडे असतील तर ते मिटा, कारण त्यांनी मनगट वरच्या बाजूला मुडपते.

आणि कृपया, पुढील लक्षणे असतील तर धागे वाचत बसू नका: हातापायातली शक्ती कमी होणे किंवा बधिरपणा वाढत जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना जाणे, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. यात डॉक्टरांकडेच जावे आणि ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी.

जुनी खातेवही

हे सारे वाचून थोडे हसू आले, राग मानू नये. मी सरकारी कार्यालयात ३१ वर्षे टंकलेखक होतो. लाकडी खुर्ची, तिचा एक पाय आखूड, आणि समोर लोखंडी यंत्र. कोणी कोपर मोजले नाही. आमच्या टायपिंगच्या क्लासमध्ये सर पाठीमागून फेरी मारत आणि कोणी पाठीत वाकला की त्याच्या खुर्चीवर पट्टी आपटत. पाठ काही दुखली नाही. आताच्या मुलांना सोसवत नाही, एवढेच.

पानमांडणी

काका, मीही तुमच्यासारख्याच क्लासमध्ये यंत्रावर शिकले, म्हणून सांगते. ते यंत्र आपल्याला स्वस्थ बसू देत नसे. प्रत्येक ओळ संपली की घंटी वाजे आणि हात उचलून दांडी ढकलावी लागे. पान संपले की कागद काढा, कार्बन लावा, नवा कागद सरकवा, गोल फिरवा. चूक झाली की खोडरबर. मजकुराचा कागद बाजूच्या स्टँडवर उभा असे. टेबलावर आडवा ठेवलेला मला आठवत नाही. शिवाय सही घ्यायला साहेबांच्या खोलीपर्यंत उठून जावे लागे. हे सगळे श्रम वाटत, पण शरीराच्या दृष्टीने त्या विश्रांत्याच होत्या. यंत्राचे टेबलही, मला आठवते त्याप्रमाणे, लिहिण्याच्या टेबलापेक्षा ठेंगणे असे. मग आमच्या पिढीने यंत्र काढून लिहिण्याच्या टेबलावर संगणक मांडला आणि कोपराचा हिशेब तिथे बिघडला.

जुनी खातेवही

टेबल ठेंगणे असे हे खरे आहे. आपण म्हणता म्हणून आठवले. यंत्राची कळांची रांगच मुळी उंच असे.

आता एक कबुली देतो. निवृत्तीनंतर नातवाने संगणक दिला, त्यावर मी आमच्या घराण्याची वंशावळ टाइप करत असतो. वर्षभर मान मागच्या बाजूने दुखते. धाग्यात म्हटल्याप्रमाणे बाजूने काढलेल्या माझ्या फोटोत पाहिले, तर मी हनुवटी वर करून, छतावरची पाल पाहावी तसा बसलो आहे. हे कशामुळे?

स्नायुबंध

काका, चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल आहे का? त्यात जवळचे दिसण्याचा भाग भिंगाच्या तळाशी असतो. पडदा उंच असला की त्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मानेचा मागचा भाग दिवसभर दबतो. धागाकर्तीने पडद्याखाली शब्दकोश ठेवले, तुम्ही मात्र असतील तर काढून टाका. पडदा जितका खाली नेता येईल तितका न्या आणि वरची कड थोडी मागे कलती करा. पडद्याच्या अंतरासाठी एकच नंबर असलेला वेगळा चष्माही करून मिळतो. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून न्या. "संगणकाचा चष्मा द्या" एवढेच सांगितले तर अंदाजाने नंबर मिळतो.

रंधा

आमचे फर्निचरचे काम आहे. "टेबलाचे पाय कापून द्या" अशी मागणी घेऊन येणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. जेवणाच्या टेबलाच्या फळीखाली चारही बाजूंनी आठ-दहा सेंटिमीटरची पट्टी असते; पाय तिच्यात अडकवलेले असतात, म्हणून ती काढता येत नाही. धागाकर्तीच्या मापाने टेबल ६१ सें.मी.वर आणले, तर पट्टीची खालची कड ५० च्या आसपास येईल. बैठक ३९ वर आणि मांडीची जाडी तेरा-चौदा म्हटली तर मांडी ५३ वर पोचते. म्हणजे पाय टेबलाखाली जाणारच नाहीत. पाय कापून झाल्यावर हे कळलेले गिऱ्हाईक मी पाहिले आहे. फळीखाली कीबोर्डसाठी सरकता खण लावून घेणाऱ्यांचीही हीच फसगत होते.

कमी उंचीचे टेबल हवे असेल, तर पट्टी नसलेले करा: १८ मि.मी. प्लायची फळी, खालून मागच्या बाजूला एकच लोखंडी आडवी नळी आणि दोन्ही कडांना पाय. पुढची कड गोल घासून घ्या, नाहीतर मनगटाखालचा हात तिच्यावर कापला जातो. फळी साठ सेंटिमीटर खोल हवी, पंचेचाळीसची केली तर मॉनिटर नाकाशी येतो.

उत्तरसमुद्र

मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे उलटे आश्चर्य वाटते, कारण बैठक ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी मानतात. युरोपात पडद्यासमोरच्या कामासाठी १९९० सालचा निर्देश आहे; त्यानुसार कामाच्या जागेची तपासणी करणे, कामात खंड देणे आणि डोळे तपासून देणे हे मालकाकडे येते. माझ्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात एक बाई टेप घेऊन आल्या. गंमत अशी, की हे सगळे करूनही माझे पाय लोंबकळत होते, कारण इथली माणसे ताडमाड आणि टेबलाची सर्वांत खालची पायरीही माझ्यासाठी उंच होती. पायाखालचे फळकुट मागितल्यावर त्यांनी विचारले, "मुलांसाठी हवे आहे का?" आता पुण्याहून येताना पाट आणणार आहे.

पानमांडणी

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. रंधा यांच्या मापाने स्थानिक सुताराकडून ६२ सें.मी. उंच टेबल करून घेतले. पट्टी नाही, पुढची कड गोल आहे. खुर्ची खाली आली, तळवे फरशीवर टेकले आणि विटा जिथून आणल्या तिथे परत गेल्या. पाट देवघरात गेला. आखूड कीबोर्ड घेतला. सुरुवातीला आकडे वरच्या रांगेतून टाइप करताना पानांचे क्रमांक चुकत होते, आता हात बसला.

खवाट्यातला बिंदू आठवड्यातून चार-पाच दिवस शांत असतो. उरलेले दोन-तीन दिवस कोणते हे मी डायरीत टिपून पाहिले, तर ते पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दिवसांचेच निघाले. त्या दिवशी टेबल तेच, खुर्ची तीच, उंची तीच. फक्त मी तीन-तीन तास जागची उठत नाही. पाण्याचा तांब्या म्हणून आता स्वयंपाकघरातच ठेवते आणि टेबलावर फक्त लहान फुलपात्र, म्हणजे भरायला उठावेच लागते.

@टाकबोरू, तुमच्या दिवाणाचे काय झाले, ते कळवा.

टाकबोरू

कीबोर्ड आणि माउस घेतला. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर आहे आणि पाठीशी गुंडाळलेली चादर. उठताना भिंत लागत नाही. शेजारच्या काकूंकडे इस्त्रीचे टेबल मागितले, तर त्यांनी सोबत इस्त्रीचे कपडेही दिले.